सतराशे वेढे

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर त्याहून वाईट, तर सांभाळून घ्यावं. चौथीनंतर मी पेन धरलं ते किराणाच्या यादीपुरतं. ही वही यांची. वायरलेसवर कोणाशी बोलणं झालं, आवाज कसा आला, ते हे यात लिहितात. मागची पानं कोरी होती. "तू गेलीस, तूच लिही," म्हणाले.

यांच्याकडे परवान्याचा जुना वायरलेस संच आहे, काचेच्या व्हॉल्व्हचा. गुडघे गेल्यापासून यांचं बाहेर जाणं थांबलं. रोज सकाळी सातला गावोगावचे मित्र संचावर जमतात, तीच यांची पारावरची बैठक. दिवाळीनंतर संचातला आवाजाचा ट्रान्सफॉर्मर जळाला. ऐकू सगळं येई, यांचा आवाज मात्र जाईना. मित्र हाका मारत आणि हे माइक हातात धरून गप्प बसत. मला ते बघवेना. तसला ट्रान्सफॉर्मर आता नवा मिळत नाही, जुन्यावरच नवी तार गुंडाळून, म्हणजे भरून, घ्यावी लागते. यांनी तो फडक्यात बांधून दिला आणि मी संभाजीनगरला निघाले, एकटी. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी दुसऱ्या कुणाला तरी पुढं करते.

बदनापूरहून पॅसेंजर धरली. खिडकीतून मोसंबीच्या बागा दिसत होत्या, वाळून सरपण झालेल्या. शहर जवळ आलं तशी शेतं संपून प्लॉटांचे पांढरे दगड सुरू झाले. अर्ध्या बांधलेल्या इमारतींपुढं पाण्याचे टँकर उभे होते. माणसांना पाणी नाही आणि घरं वाढतच चाललीत, असं शेजारी बसलेली बाई म्हणाली.

मुकुंदवाडीला उतरून रिक्षावाल्याला कसंबसं सांगितलं, ट्रान्सफॉर्मर भरायचाय. त्यानं नेलं चिकलठाण्याला, एका मोठ्या शेडपुढं. तिथं ट्रॅक्टरांची रांग होती आणि प्रत्येक ट्रॉलीत एकेका गावची जळलेली डीपी (खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर). विहिरींत पाणी उरलं नाही, तरी मोटारी ओढून ओढून डीप्या जळत होत्या. नोंदवही घेऊन बसलेल्या माणसानं विचारलं, डीपी कुठंय, ट्रॅक्टर मागं राहिला का? मी फडकं सोडलं. आत मुठीएवढा ट्रान्सफॉर्मर.

रांगेतला एक जण वाकून बघत म्हणाला, "मावशी, एवढ्याशा डीपीवर मोटार कुणाची चालती? मुंगीची?"

सगळे हसले. मीही पदराआड हसले. पण त्यानंच रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. शहागंजच्या गल्लीत एक चाचा लाउडस्पीकरची कामं करतात, त्यांच्याकडं न्या म्हणाला.

चाचांचं दुकान जिन्याखाली, दोन माणसं बसतील एवढं. आधी त्यांनी मला ग्लास भरून पाणी दिलं. नळ कितव्या दिवशी येतो ते विचारायची मला लाज वाटली. ट्रान्सफॉर्मर त्यांनी नाकाशी नेऊन हुंगला. जळलाय, पण लोखंड चांगलं आहे म्हणाले. जुनी तार सोडवत वेढे मोजायचे आणि तेवढेच नव्या तारेचे भरायचे, अशी रीत. एक वेढा इकडेतिकडे झाला तर चालतं, शंभर झाले तर आवाज बिघडतो. त्यांचं मोजायचं यंत्र मोडलेलं होतं. "गिनती आती क्या आपा?" त्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

ते तार सोडवू लागले, मी मोजू लागले. विसरायला नको म्हणून दर शंभराला, घरून आणलेल्या डब्यातला एक शेंगदाणा काढून झाकणावर ठेवत गेले. मध्ये चहा आला. तार संपली तेव्हा चाचांनी झाकणावरचे दाणे मोजले. पंधरा. पंधराशे, म्हणाले, आणि नवी तार हातात घेतली.

चहाबरोबर त्यांनी झाकणावरचे दोन दाणे तोंडात टाकले होते. समोर ठेवले म्हणजे पाहुणचार, असंच त्यांना वाटलं असणार. मी पाहिलं होतं, बोलले नव्हते. वडिलांच्या वयाचा माणूस, त्याच्या दुकानात बसून त्याचा घास कसा मोजायचा? पण मग माइक धरून गप्प बसलेले हे डोळ्यापुढं आले.

"चाचा, सतराशे आहेत," मी म्हणाले. "दोनशे तुम्ही खाल्ले."

त्यांनी तार खाली ठेवली. मिशीला दाण्याचं साल चिकटलेलं होतं. मग असे हसले की चष्मा नाकावरून घसरला. "दो सौ फेरे खा गया मैं? पहले बोलना नईं क्या?"

"बोलले की आता," मी म्हणाले.

दुपारभर बसून त्यांनी सतराशे भरले. पैसे मात्र घेईनात. संच बोलला तर पैसे, नाही बोलला तर नाही, हा त्यांच्या दुकानाचा कायदा.

रात्रीच यांनी ट्रान्सफॉर्मर संचात बसवला. दुसऱ्या दिवशी सातला यांनी संचावर आपली परवान्यावरची खूण सांगितली, आणि पाच-सहा आवाज एकदमच बोलू लागले. कोण काय म्हणतंय ते कळेना. हे बोलत राहिले, चहा निवून गेला. मी दुसरा केला, तोही निवला.

आठ दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी रिक्षावाल्याला पत्ता मीच सांगितला. चाचांनी मान वर करून विचारलं, "बोल्या?"

"दोन चहा थंड होईपर्यंत."

मी सगळे पैसे पुढं ठेवले. त्यांनी ते न मोजता गल्ल्यात टाकले आणि गल्ल्यातूनच कागदाची पुडी काढून माझ्या हातावर उपडी केली. दोन शेंगदाणे.

"आपके दो सौ. हिसाब पूरा."

एक शंभर मी मुकुंदवाडीच्या फलाटावर खाल्लं. दुसरं यांच्यासाठी पदराच्या गाठीत बांधून आणलं.