ब्रेकमध्ये आलेली कमिटी

सूड घेऊन काही मिळत नाही म्हणे. कोण म्हणतं हो असं? ज्यांच्यावर कधी वेळ आली नाही ते. मी घेतलाय आणि मला भरपूर मिळालं.

अंबरनाथच्या एका कॉलेजात मी पब्लिक हेल्थच्या मास्टर्सला शिकवायचे. कंत्राटावर. अकरा महिने झाले की थोड्या दिवसांचा ‘ब्रेक’ द्यायचा, ही आमच्याकडची पद्धत. कागदावर नोकरी संपवायची आणि पुन्हा नव्याने नेमायचं. सलग नोकरी झालीच नाही तर माणूस कायम करा म्हणून भांडणार कसा? आमच्या विभागप्रमुख सरांना हा ब्रेक इतका प्रिय की दुसऱ्या विभागात कुणाचा चुकून राहिला, तर हे स्वतः ऑफिसात जाऊन आठवण करून द्यायचे.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये शिलाईचे गाळे आहेत. मुलांना घेऊन मी तिथे जायचे. कामगारांचा खोकला, पाठदुखी, प्यायचं पाणी, सगळ्याची पाहणी चालायची. सुरुवातीला गाळेवाले म्हणायचे, “मॅडम, धंदे का टाइम है, बाद में आओ.” पुढे तेच खुर्च्या पुढे करायला लागले. या कामाचे फोटो सर बाहेर ‘माझं फील्ड’ म्हणून दाखवायचे. असू दे, ते मी गिळलं. पण मला दिवस गेले तेव्हा मी बाळंतपणाची रजा मागितली, तर अख्ख्या स्टाफरूमसमोर म्हणाले, “ब्रेकमध्ये उरकून घ्या ना, मॅडम! कुटुंबनियोजन शिकवता की तुम्ही.” सगळे खो खो हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नवऱ्याची कंपनी तेव्हा नुकतीच बंद पडली होती, म्हणून तोंड मिटून बसले.

मग कोर्सला मानांकन घ्यायचं ठरलं. आधी विभागाने स्वतःचा अहवाल लिहायचा असतो. काय शिकवतो, कुठे शिकवतो, शिकून गेलेली मुलं काय करतात. नंतर बाहेरच्या माणसांची कमिटी येते आणि यातलं खरं किती ते बघते. शिक्षकांना वेगळं भेटते, मुलांना वेगळं, वस्तीतल्या लोकांना वेगळं. त्या वेळी विभागप्रमुखांना खोलीत बसता येत नाही. कोर्सला स्वतःचे पूर्णवेळ शिक्षक हवेत, ही मोठी अट. आणि मानांकन मिळालं म्हणून सुटका नाही. दरवर्षी अहवाल पाठवा, काही वर्षांनी पुन्हा कमिटीला सामोरे जा.

अहवाल लिहिला कुणी? मी. कमिटीची तारीख पुढे गेली आणि नेमकी माझ्या ब्रेकमध्ये येऊन पडली.

बेलवलीला घरी मेथी निवडत बसले होते, तर सरांचा फोन. “मॅडम, तेवढं कमिटीसमोर येऊन बसा. शिक्षकांची यादी मी जोडली, त्यात तुम्हाला पूर्णवेळ दाखवलंय. विचारलं तर कायम आहे म्हणा.”

“मग ब्रेक रद्द केल्याची ऑर्डर द्या, सर.”

“तसं कसं करणार? उद्या तुम्ही हक्क सांगाल!”

बघा, काय माणूस आहे! अडला हरी, गाढवाचे पाय धरी. बरं, मी गाढव तर गाढव. पण लाथ मारायची अक्कल गाढवालाच असते. “येते, सर,” म्हटलं.

नवरा म्हणाला, “जाऊच नकोस. बसू दे बोंबलत.” पण मानांकन हुकलं असतं तर माझ्या मुलांच्या डिग्रीला बाहेर कोण विचारणार होतं? शिवाय मी घरी बसले असते तर ऐन वेळी दगा दिला म्हणून सरांनी गावभर केलं असतं. आणि खरं सांगू? मला त्यांचं तोंड बघायचं होतं.

कॉरिडॉरमध्ये भाड्याच्या कुंड्या मांडल्या होत्या. दारात सर उभे. “लक्षात आहे ना?” “आहे की.” आम्ही सगळे शिक्षक आत बसलो आणि दार बंद झालं. कमिटीच्या अध्यक्ष एक वयस्कर डॉक्टरबाई होत्या. त्यांनी कॅम्प दोनबद्दल खोदून खोदून विचारलं. मी भरभरून सांगितलं. मुलं कशी शिकतात, गाळ्यांत काय बदललं, सगळं. त्यात एक शब्द खोटा नव्हता. शेवटी त्यांनी सहज विचारलं, “तुम्ही इथे कायम आहात ना?”

“नाही, मॅडम. आज तर मी इथे नोकरीलाच नाही. माझा ब्रेक चालू आहे. सोमवारी नवीन ऑर्डर मिळेल, दिली तर.”

बाईंनी चष्मा काढला. “आणखी कुणाचं असं आहे?” मग एक हात वर आला, मग दुसरा. त्या दिवशी स्टाफरूममध्ये हसलेलेच होते दोघंही.

नंतर सरांना आत बोलावलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “काय करून बसलात तुम्ही!” इतकं गोड गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं.

मानांकन मिळालं, पण अटीवर: वर्षभरात शिक्षक कायम करा, नाहीतर काढून घेऊ. ते गेलं तर पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायला कोण येणार, या भीतीने मॅनेजमेंट खडबडून जागी झाली. जाहिरात निघाली, बाहेरच्या तज्ज्ञांनी मुलाखती घेतल्या. सरांनी स्वतःचा एक उमेदवार आणून पाहिला. त्याला फील्डबद्दल विचारलं तर पठ्ठ्या छताकडे बघत बसला म्हणे. मी निवडले गेले.

नेमणुकीचं पत्र सरांनाच द्यावं लागलं, त्यांच्या केबिनमध्ये. खुर्चीवरून अर्धवट उठत हसून म्हणाले, “अभिनंदन, मॅडम. झालं गेलं गंगेला मिळालं.”

मी पत्र उभ्यानेच शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग म्हटलं, “गंगेला काही मिळालेलं नाही, सर. दरवर्षीचा अहवाल आता मी लिहिणार, माझ्या सहीने. आणि कमिटी परत येईल तेव्हा मी आत असेन, तुम्ही दाराबाहेर.”