दसऱ्याची बंदूक

निजामाच्या राजवटीत हर्सूलला आमच्या घरी परवान्याची ठासणीची बंदूक होती. वडील ती वर्षभर पेटीत कुलूपबंद ठेवत. आम्ही पोरांनी पेटीला हात लावला तरी थोबाडीत बसायची. दसऱ्याला मात्र ती पाटावर पूजेला मांडत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिथून हलवत नसत. त्या वर्षी रानडुकरांसाठी भरलेला बार तिच्यात तसाच राहिला होता.

दुपारी मी अन् धाकटी बहीण पुन्हा पूजा करायला बसलो. ती नळीच्या तोंडाला कुंकू लावत होती. मी घोडा ओढला, तो बोटांतून निसटला. ती जागीच गेली.

गाव म्हणालं, नशीब. कसलं डोंबलाचं नशीब! बापानं वर्षभर जिला हात लावू दिला नाही, तिच्याच पाया पडायला सकाळी त्यानंच आम्हाला लावलं होतं.