कवा जानार गो, दीपाली?

संगमेश्वरहून आत, नदीच्या अंगाला दीपालीची वाडी आहे. या वाडीत कुणी भेटलं की नमस्कार-चमत्कार होत नाहीत, थेट प्रश्न होतात. कुठे चाललास, पिशवीत काय आहे, पोरगं कितवीला गेलं, मुंबईची खोली विकली की भाड्याने दिली. विचारणाऱ्याला उत्तराचं काही पडलेलं असतंच असं नाही. पण न विचारता जो पुढे जाईल तो शिष्ट ठरतो. शिवाय माणूस बघून प्रश्न ठरतो. मुंबईकर दिसला की विचारायचं, कधी आलात? आणि त्याच दमात, कधी जाणार? माहेरपणाला आलेल्या लेकीलाही हेच दोन. गावात राहणाऱ्या माणसाला मात्र हे कुणी विचारत नाही.

अलोऱ्याचं सासर सोडून, कोर्टाचा कागद घेऊन दीपाली माहेरी आली त्याला पाच वर्षं होऊन गेली होती. तरी वाडी विचारत होती, "कवा आलीस गो? कवा जानार?"

सुरुवातीला तिने सरळ सांगून पाहिलं, जाणार नाही, आता इथेच. लोक मान डोलवायचे, "बरं झालं" म्हणायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच विचारायचे. मग तीही चेकाळली. "कोयना आटली की जाणार," असं ठोकून द्यायला लागली. त्यावरही एका म्हाताऱ्याने गंभीरपणे "म्हंजे पावसापूर्वी" असा हिशोब लावला, तेव्हा तिने कपाळाला हात लावला.

खरं तर ती गेली कुठे असती? दापोलीला राहून ती काजूची कलमं बांधायला शिकून आली होती. घरामागचा जुना गोठा भावाकडून मागून घेतला, त्याला चिरे लावून दोन खोल्या काढल्या, मागे हिरव्या जाळीखाली रोपं वाढवली. लांज्याहून, देवरुखहून लोक गाडी घेऊन कलमं न्यायला यायचे. भाऊ संदेश टेम्पो चालवायचा. माणूस लाखातला. तो म्हणाला होता, कशाला वेगळं, आमच्याबरोबरच जेव. तिने गोडीत सांगितलं, राहीन तुझ्या सावलीला, पण खाईन माझ्या चुलीवरचं. भांडणतंटा काही नव्हता.

तिला सलत होतं ते वेगळंच. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. वाडी ज्याला घर म्हणून धरते, त्या प्रत्येक दारात पालखी थांबते आणि त्या घराच्या नावाने गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो, त्या घराचं मागणं मांडतो आणि जमलेली वाडी त्याला होकार देते. दीपालीच्या दारावरून मात्र ती पुढे निघून जायची, कारण दीपालीला संदेशच्या घरात धरलेलं. लेकीसारखी ती भावाच्या अंगणात जाऊन देवीची ओटी भरून यायची. वर्षभर कंबरडं मोडून उभं केलेलं आपलं दार, आणि देवी तिथे क्षणभरही टेकत नाही, याचं तिला फार वाईट वाटे. ढोल दारासमोरून पुढे सरकला की ती मागे रोपांना पाणी घालायला निघून जायची.

त्यात समोरची सोनूबाई. वाडीतली सगळ्यात चौकस बाई. रोज दुपारी ही उंबऱ्यात हजर. "काय गो, आज काय शिजवलंस?" एवढं विचारून थांबेल तर ती सोनूबाई कसली. आत येऊन टोपावरचं झाकण उचलून बघायची. दीपालीने एकदा पुढचं दार लावून घेतलं, तर ही मागच्या दाराने आली आणि वर विचारलं, "दार का लावलंवतंस?"

यंदा शिमग्याआधी देवळात गावकी बसली. पालखीच्या कामाला घरटी एक माणूस, हा वाडीचा कायदा. बाप्ये पुरुष निम्मे मुंबईला, त्यामुळे खांदे कमी आणि घोर फार. मुख्य मानकरी महिपत एकेक घर तोंडाने मोजत चालले होते. ज्या घरांना वर्षभर कुलूप असतं तीही त्यात धरली जात होती. त्यांची माणसं दोन दिवसांसाठी येणार होती. दीपालीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपणहून बायकांमध्ये कडेला येऊन बसली होती. संदेशचं घर मोजून झालं आणि महिपत पलीकडच्या घरावर गेले, तशी ती उठून उभी राहिली.

"आबा, माझं घर ऱ्हायलं."

महिपत वाईट माणूस नव्हे. त्यांनी समजुतीने सांगितलं की तू संदेशच्या घरातच मोजली गेलीस, आणि बाय, तू आज आहेस, उद्या कुठे असशील कुणी सांगावं. झालं, देवळातही तेच. संदेश खाली मान घालून बसला होता. त्याला एकच धास्ती: बहीण वेगळी धरली तर लोक म्हणतील, भावाने बाहेर काढली.

दीपालीच्या ओठांवर कुलूपवाली घरं आली होती, पण मुंबईकरांना दुखवून काय मिळवायचं, म्हणून तिने ते गिळलं.

"आबा, मला सगळी रोज विचारतात. आज मी एक विचारू? तुमची नि तुमच्या धाकल्या भावाची वाटणी झाली, तवा मधी भिंतसुद्धा नव्हती. मंग वाडीनं दोन घरं कशावरनं धरली?"

महिपत खोटं बोलणारा माणूस नव्हे. "चुलीवरनं," ते म्हणाले. एका पडवीत दोन चुली पेटल्या, तेव्हापासून दोन घरं. पण मग त्यांनी बोट वर केलं. चूल नुसती मांडून भागत नाही, रोजची पेटायला हवी. जेवणं भावाकडे होत असतील तर ते घर नव्हे. तुझी रोज पेटते याची साक्ष कोण देणार?

कडेला बायकांत हालचाल झाली. सोनूबाई गुडघ्यावर हात टेकत उठली.

"मी देतंय. काल कुळथाचं पिठलं नि भात. परवा वालाची उसळ. त्याच्या आदल्या दिवशी सुकट केलीवती, मीठ जास्त झालंवतं. त्याच्या आधी…"

सोनूबाई मागे मागे जात राहिली. गणपतीतल्या मोदकांना पारी जाड झाली होती. गेल्या पावसात दीपाली तापाने फणफणली होती, तेव्हाही तिने पेज स्वतःच टाकली होती. एवढ्या वर्षांत भाऊबीज सोडून ती भावाच्या पानावर बसली नाही. सगळी गावकी हसायला लागली, आणि दीपाली मात्र या बाईकडे बघतच राहिली. जिच्यासाठी दारं लावली, तिने तिचा एकेक घास ध्यानात ठेवला होता.

"पुरे गो वयनी," महिपत हात जोडून म्हणाले, "तिच्या बारशापर्यंत पोचशील."

हसू ओसरायच्या आत संदेश उठला. लोकांनी काय म्हणायचं ते म्हणू देत, ताईचं घर वेगळं धरा, असं तो म्हणाला आणि खाली बसला. एवढं बोलतानाही त्याला घाम फुटला होता.

"धरलं," महिपत म्हणाले. "आता घरटी एक मानूस. तुझ्या घरातनं खांद्याला कोन?"

"घरात मी एकटीच. मीच येनार."

थोडी कुजबुज झाली. महिपतांनी तिचे हात पाहिले, कलमं बांधून बोटं राठ झालेली. "ये," ते म्हणाले, आणि पुढच्या घराकडे वळले.

पालखीच्या दिवशी संदेशच्या अंगणातून पालखी उठली, ती बहिणीच्या खांद्यावर. ढोल अगदी कानाशी वाजत होता. दीपालीने पदर कमरेला खोचला होता आणि ती बेभान नाचवत पालखी आपल्या अंगणात घेऊन आली. पाटावर देवीला टेकवलं, तेव्हा तिचा ऊर धपापत होता आणि चेहऱ्यावर गुलाल नि घाम एक झाला होता. इतका आनंद आपल्याला आजवर झाला नव्हता, असं तिला अगदी लख्ख वाटलं.

गुरव पुढे आला. सवयीने त्याने संदेशकडे पाहिलं. संदेश दोन पावलं मागे सरला.

"गाऱ्हानं कुनाच्या नावानं घालू?" गुरवाने विचारलं.

"दीपाली," तिनेच सांगितलं.

"पुढं बापसाचं नाव? का घोवाचं?"

"नुसतं दीपाली."

गुरवाने महिपतांकडे पाहिलं, महिपतांनी मान हलवली. मग त्याने नारळ कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "हे आई महामाये, ही जी दीपाली ह्या जाग्यावर चूल मांडून, घर करून ऱ्हायलीय…"

आणि अंगणात उभ्या सगळ्या वाडीने, तिला पाच वर्षं प्रश्न विचारणाऱ्या त्या सगळ्या तोंडांनी, एका आवाजात उत्तर दिलं, "होय महाराजा!"