खिडकीच्या कडीवरचा हात

माझ्या जुन्या गाडीचे ऑक्सिजन सेन्सर काल बदलले. धुराचा अंदाज घेणारं ते गाडीचं नाक. काजळीनं काळे ठिक्कर पडलेले जुने सेन्सर माझ्या हातावर ठेवत मेकॅनिक म्हणाला, "कधीचेच गेलेत हे. धुरानं गाडीमागे उभं राहवत नव्हतं." मी बसतो पुढे.

आज सकाळी गाडीपाशी पोचलो, तशी गाडीच्या अगदी मागे असलेल्या आपल्या घराच्या खिडकीतून तळमजल्यावरच्या काकूंनी नेहमीसारखी चौकशी केली, "निघालात का?" या मायेच्या प्रश्नानं रोज बरं वाटायचं. आज पहिल्यांदाच वळून पाहिलं. काकूंचा हात खिडकीच्या कडीवर होता. मी "हो" म्हणताच त्यांनी खिडकी अलगद लावून घेतली.

आता उघडी राहू द्या, असं सांगावंसं वाटलं. पण ती का लावतात, हे त्या कधी बोलल्याच नव्हत्या.