दारातला तेलाचा डाग

आक्काचा धाकटा भाऊ कामावर असताना छातीत कळ येऊन गेला. त्याला आणलं ते आक्का जिथे कामाला होती त्याच इस्पितळात. ती तळघरातल्या धुलाईखात्यात, वाफेच्या मोठ्या इस्त्री मशीनवर चादरी काढायची. निरोप आल्यावर ती हात पुसत वर गेली. त्याला ज्या चादरीवर ठेवलं होतं, ती आपल्याच मशीनमधून निघालेली असणार, हे तिच्या लक्षात आलं. कडेला इस्त्री नीट बसलेली नाही, हेही लक्षात आलं. त्यापलीकडे काही झालं नाही.

ती रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. भेटायला आलेल्यांपैकी कोणी म्हणालं, "काळीज दगडाचं आहे बाईचं." कोणी म्हणालं, "धक्का आहे, येईल बाहेर." आक्काने दोन्ही ऐकलं. तिला आपलं कानात दडे बसल्यासारखं झालं होतं. माणसं बोलताना दिसायची, चहा गरम आहे हे कपाला हात लागला की कळायचं, पण सगळं लांबून.

घरात आता दोघीच उरल्या, आक्का आणि भावजय. दोन खोल्यांचं घर, पहिल्या मजल्यावर. इतकी वर्षं दोघींचं बोलणं धाकट्याच्या मार्फत चालायचं. "आक्काला विचार, पोळ्या किती," "तिला सांग, गिझर बंद कर." आता मधला माणूसच नव्हता, त्यामुळे दोघी एकमेकींशी फार जपून, पाहुण्यांसारख्या बोलायच्या.

धाकट्याची मोटरसायकल जिन्याखाली उभी होती. बरीच जुनी, टाकीचा रंग गुडघे घासून घासून उडालेला. थोडे दिवस गेल्यावर एका सकाळी भावजयीने कोणाला न विचारता किल्ली घेतली आणि गाडी घेऊन कामावर गेली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला वाचनालयात होती. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागे. लग्नाआधी वडिलांच्या गाडीवर शिकली होती, हे आक्काला तेव्हा कळलं.

मग तळमजल्यावरचे काका वर आले. चप्पल दाराबाहेर काढून, आत न येताच उभे राहिले.

"सांगू नये खरं तर," ते म्हणाले. "तुमच्यावर एवढं कोसळलंय. पण गाडी तेल गाळते. तो होता तेव्हा खाली पुठ्ठा ठेवायचा, सकाळी पुसून घ्यायचा. काल दारातच माझा पाय सटकला. पडलो नाही, भिंत धरली."

"बघते," आक्का म्हणाली.

का म्हणाली कोण जाणे. पण म्हणून बसली.

भावजय म्हणाली, "मिस्त्रीकडे नेते मी. ह्यांनी सांगितलं होतं, त्यानेच सर्व्हिसिंग करताना काहीतरी वाट लावली म्हणून."

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यामुळे जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला कळतं आणि इतर कोणालाच कळत नाही, असा त्याचा ठाम समज होता.

नाक्यावरच्या मिस्त्रीने इंजिनाखाली बोट फिरवलं, बोट फडक्याला पुसलं. "जुन्या गाडीचं इंजीन आणि म्हाताऱ्याचं नाक, गळायचंच. उघडून सगळी पॅकिंगं बदलतो हवं तर. पण आता किती दिवस वापरणार? काढून टाका."

भावजय गाडी तशीच परत घेऊन आली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. "मला नाही काढायची," एवढंच म्हणाली.

रविवारी आक्काने जुना शर्ट चढवला, धाकट्याची पान्यांची पेटी खाली नेली आणि गाडीशेजारी गोणपाट टाकून बसली. तिला वाहनातलं काही कळत नव्हतं, पण गळणाऱ्या गोष्टींशी तिची जुनी ओळख होती. तळघरात नळ गळायचे, पाइप गळायचे, मशीनच्या सांध्यांतून वाफ गळायची.

थेंब इंजिनाच्या तळाच्या बोल्टवरून पडत होता. म्हणून आधी तेच केलं. तेल काढलं, बोल्टचा वॉशर बदलला, नवं तेल भरलं. भावजय एक फेरी मारून आली. बोल्टवर पुन्हा थेंब.

"थेंब जिथून पडतो तिथूनच निघतो असं नसतं," आक्का म्हणाली. "वरून ओघळत येत असेल."

मग दोघींनी रॉकेलने आणि जुन्या ब्रशने सगळं इंजीन घासलं. कित्येक वर्षांचा काळा थर निघाला, खालून चांगला चकचकीत धातू दिसायला लागला. कोरडं पुसून आक्काने त्यावर अंगाला लावायची पावडर उधळली. गाडी पांढरीफटक झाली.

काका दारातून बघत होते. "कुठे निघालीय नटून?" त्यांनी विचारलं, आणि विचारून ओशाळले.

"बघायला येणार आहेत तिला," आक्का सपाट आवाजात म्हणाली. भावजयीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

या वेळी फेरीनंतर खूण स्पष्ट दिसली. सगळ्यात वर, इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाच्या कडेतून ओली रेघ निघाली होती आणि पावडर भिजवत पार तळापर्यंत गेली होती. झाकणाखालचं रबरी कडं कडक झालं होतं. भावजयीने नवं आणलं, आक्काने बसवलं. झाकण कोरडं राहिलं. दोघी हात धुऊन वर गेल्या.

पण दुसऱ्या दिवशी भावजय कामावरून आली तेव्हा तेल होतंच. आता ते गिअरच्या दांड्याच्या सीलमधून येत होतं.

"एक बुजवलं की दुसरीकडून," भावजय हताश होऊन म्हणाली. "मिस्त्री बरोबर बोलत होता."

आक्काने सीलवरचं तेल बोटाने पुसून पाहिलं. मग म्हणाली, "आमच्या मशीनचं एकदा असंच झालं होतं. एक सांधा बांधला की दुसरा फुसफुसायचा. सांधे चांगलेच होते. वाफ बाहेर जायची नळी चोंदली होती. आतला दाब जाणार कुठे? जिथे दुबळं सापडेल तिथून निघणार. याला अशी नळी नसते का?"

भावजयीने मिस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "असते. ब्रीदर. सीटखाली जाते बघा. हां, तेही असू शकतं."

इंजिनाच्या मागून निघालेली काळी रबरी नळी धरत आक्काचा हात वर गेला आणि सीटखाली अडकला. सीट काढावी लागली. नळी सीटच्या लोखंडी पट्टीखाली दबून कागदासारखी चपटी झाली होती.

सीट मूळची नव्हती. मागच्याच हिवाळ्यात धाकट्याने ती रुंद सीट स्वतः बसवली होती, मागे टेकायला पाठ असलेली. आक्काच्या गुडघ्यांमुळे. अरुंद सीटवर तिला एका अंगाने बसवत नाही म्हणून.

"म्हणजे हे ह्यांनीच केलं," भावजय म्हणाली. "स्वतः! आणि गावभर मिस्त्रीच्या नावाने शंख करत फिरले!"

"रोज सकाळी पुसत होता," आक्का म्हणाली, "आणि रोज त्याला शिव्या देत होता."

भावजयीला हसू फुटलं. ती पोट धरून हसली, हसता हसता गोणपाटावर बसली आणि तिथेच तिचं रडणं सुरू झालं. मोठ्याने, मूल रडतं तसं. आक्काच्या हातात चपटी नळी होती, बोटं तेलाने बरबटलेली. आपल्यालाही आता रडू येईल, असं तिला वाटलं. तिने वाट पाहिली. आलं नाही. मग ती कोपर पुढे करून, बोटं लांब धरून, भावजयीला टेकून बसली. काकांनी आपलं दार हळूच लोटून घेतलं.

नव्या नळीचा तुकडा आणून आक्काने तो पट्टीच्या बाजूने, मोकळा वळवला. सीट होती तीच ठेवली. गिअरकडचं सील जरा पाझरत राहिलं, तेवढं मिस्त्रीने येऊन बदललं. नळीबद्दल तो काही बोलला नाही, आक्कानेही विषय काढला नाही. फरशीवरचा डाग रॉकेलने घासला तरी पुरता गेला नाही. काका म्हणाले, राहू दे.

आता सकाळी भावजय आक्काला इस्पितळापाशी सोडते आणि पुढे जाते. वाटेत फार बोलत नाहीत, पण जे बोलतात ते सरळ एकमेकींशी. "संध्याकाळी उशीर होईल." "भाजी मी आणते." आक्का अजून रडलेली नाही. रात्री झोप लागते, जेवण जातं, कान मात्र तसेच आहेत.

परवा भावजयीने गाडी वळवायच्या आतच धुलाईखात्यातल्या नव्या बाईने आक्काला उतरताना पाहिलं.

"कोणाची गाडी हो?" तिने विचारलं.

"भावाची होती," आक्का म्हणाली. स्वतःचा आवाज तिला जरा जवळून ऐकू आला. "आता हिची आहे."

मग तळघरात जाऊन तिने ॲप्रन बांधला, मशीनची वाफ सोडली आणि पहिली चादर ओढून घेतली.