मिक्श्चरमध्ये पाणी असतं

"ये क्या काम करता है?"

"बोतलें धोता है, साहब. बस."

पहिला आवाज नोंदणीच्या साहेबाचा. दुसरा डॉक्टरांचा. दोघं बाहेर खुर्च्यांवर बसले होते आणि मी पडद्याच्या आत उभा होतो. एका हातात काचेचं माप, दुसऱ्या हातात खोकल्याच्या औषधाची बाटली. मी मिक्श्चर बनवत होतो. बाटल्या धुणारा मी.

साहेब हैदराबादहून दौऱ्यावर आला होता. तेव्हा औरंगाबाद हैदराबाद राज्यातच होतं. पोलीस अ‍ॅक्शन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. निजामाचं राज्य गेलं होतं आणि सरकारनं औषधवाल्यांसाठी नवा कायदा आणला होता. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून जो औषध बनवतो, त्याचं नाव सरकारच्या रजिस्टरात पाहिजे. नाव नसेल त्यानं औषधाला हात लावायचा नाही. परीक्षा पास झालेल्यांचं सोपं होतं. माझ्यासारखे काम करता करता शिकलेले जे कंपाउंडर होते, त्यांना एकच वाट ठेवली होती. पाच वर्षं हेच काम केलंय असा पुरावा द्या, नाव घेतो. तेही या एकाच वेळेस. पहिलं रजिस्टर बंद झालं की आमचं दार बंद.

मी अर्ज केला होता. साहेब त्याचीच चौकशी करायला आला होता.

साहेबानं पडदा बाजूला करून आत डोकं घातलं. माझ्याकडं बघितलं. मापाकडं बघितलं. डॉक्टर त्याच्या मागं उभे होते. ते म्हणाले, "धोने को लिया होगा." साहेबानं मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

  पडदा पडला. मी मिक्श्चर पुरं केलं. बूच लावलं. कागदाची पट्टी कातरून तिला एका डोसाला एक असे दात पाडले, डिंकानं बाटलीला चिकटवली. बाटली स्टुलावर ठेवली. मला राग आला नाही. खरं सांगतो. काहीच आलं नाही. हात तेवढे चालत होते.

हा पडदा कशाचा, ते सांगतो.

निजामाच्या काळात हा दवाखाना एका म्हाताऱ्या मुसलमान डॉक्टरांचा होता. मला औषध करायला त्यांनी शिकवलं. त्यांनी जात विचारली नाही असं नाही. विचारली. मी सांगितली. ते म्हणाले, "हाथ धो के आ." ते सगळ्यांनाच तसं म्हणायचे. पोलीस अ‍ॅक्शननंतर ते बायकापोरांसकट कराचीला गेले. दवाखाना आमच्या डॉक्टरांनी घेतला. कपाटं घेतली, बरण्या घेतल्या, खल-बत्ता घेतला, त्याच्यासोबत मलाही घेतलं. म्हातारे डॉक्टर इथं असते तर त्यांनी मला एका बैठकीत दाखला लिहून दिला असता. पण ते नव्हते.

नव्या डॉक्टरांनी पहिल्या आठवड्यातच पडदा लावला. चौकड्याची जुनी चादर होती. कारण त्यांनी साफ सांगितलं, काही आडपडदा ठेवला नाही. "पुडी कोरडी असते, चालून जाते. मिक्श्चरमध्ये पाणी असतं. गुलमंडीच्या बाजारातले शेटजी, खेड्यातले पाटील-देशमुख, यांना कळलं की ते पाणी तू घालतोस, तर दवाखाना उठलाच समज."

तेव्हापासून मी सकाळी पेशंट यायच्या आत मागच्या गल्लीतून यायचो आणि सगळे गेल्यावर मागच्या गल्लीतूनच जायचो. खोकला आला तर तोंडावर फडकं धरायचो. डॉक्टर चिठ्ठी लिहायचे, पेशंटनं घरून आणलेली बाटली घेऊन आत यायचे, बाटली स्टुलावर ठेवायचे आणि माझ्याकडं पाठ करून उभे राहायचे. मी औषध भरून परत स्टुलावर ठेवायचो. मग ते नॅपकिननं ती बाटली पुसायचे, गळ्यापासून बुडापर्यंत, आणि बाहेर न्यायचे. बाहेर लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. मी आत ऐकायचो. पहिल्यांदा पहिल्यांदा हसू यायचं. पुढं तेही यायचं बंद झालं.

त्या दिवशी साहेब गेल्यावर डॉक्टरांनी मला मागच्या दाराशी थांबवलं. आवाज चढवला नाही. तो माणूस कधीच आवाज चढवत नव्हता.

"अरे, मी लिहून देऊ तरी काय?" ते म्हणाले. "सगळी गुलमंडी इतकी वर्षं तुझ्या हातचं पाणी प्यालीय, असं सरकारला सही करून देऊ? माझा धंदा बसेल, तुझी भाकर जाईल. त्यापेक्षा मी माझ्या भाच्याला दाखला दिलाय. तो रजिस्टरात राहील. तू आहेस तसा आत राहा. तुझं काय बिघडलं?"

त्यांचा भाचा मॅट्रिक झालेला होता. दिवाळीपासून दवाखान्यात यायला लागला होता. मापावरची रेघ डोळ्यासमोर धरून वाचायची असते, हे त्याला मीच दाखवलं होतं. आता दाखल्यात लिहिलं होतं की पाच वर्षं तो औषधं बनवतोय. ती वर्षं माझी होती. मी पडद्यामागं उभं राहून काढलेली. ती उचलून त्याच्या नावावर मांडली होती.

मी म्हणालो, "बरं, डॉक्टरसाहेब." आणि घरी गेलो.

घरी आय चुलीपुढं बसली होती. तिनं भाकर वाढली. मी तशीच ताटात ठेवली. तिनं विचारलं काय झालं. मी म्हणालो, "सरकारदरबारी लिहिलंय, मी बाटल्या धुतो म्हणून."

आयनं माझा हात ओढून नाकाशी धरला. "मंग रोज ह्याला औषधाचा वास कशाचा येतो?"

एवढंच बोलली आणि तव्याकडं वळली. मी माझा हात हुंगला. बडीशेपेच्या अर्काचा वास होता, कापराचा होता. इतक्या वर्षांत तो मला कधी आला नव्हता. तिथं माझ्या आत काहीतरी हललं. राग म्हणा. राग लई उशिरा आला, पण आला.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा मागून आत गेलो. पेशंट भरू दिले. बाहेर बाकांवर जागा राहिली नाही. पहिलीच बाटली पाचोडच्या पाटलांची होती. पाचोड माझं गाव. तिथं गावाबाहेर आमची वस्ती होती; आता आय आणि मी शहराच्या कडेच्या वस्तीत राहत होतो. पाटलांना दमा होता. डॉक्टर दवाखाना चालवायला लागले तेव्हापासून ते इथलंच मिक्श्चर पीत होते. डॉक्टर बाटली घेऊन आत आले, स्टुलावर ठेवली, पाठ केली.

मी दोन्ही हातांनी चादर धरली आणि ओढली. दोरीसकट खाली आली.

बाहेर सगळ्या माना इकडं वळल्या. मी कुणाकडं बघितलं नाही. माप उचललं. बरण्या एकेक करून काढल्या, मोजलं, ओतलं. मग घागरीतून तांब्यानं पाणी घेतलं आणि वरची रेघ येईपर्यंत घातलं. ते जरा वर धरून घातलं, सगळ्यांना दिसावं म्हणून. हलवलं, बूच लावलं, पट्टी चिकटवली. डॉक्टर हात पुढं करून उभे होते. मी बाटली त्यांना दिली नाही. त्यांच्या शेजारून बाहेर गेलो आणि पाटलांपुढं धरली.

"पाटील, तुमची बाटली."

पाटलांनी मला खालून वर बघितलं. "तू आमच्या पाचोडचा नव्हं?"

"व्हय."

"अन् तू आत काय करतूस?"

"तुमचं औषध करतो. डॉक्टरसाहेब आल्यापासनं."

पाटलांचा हात तोंडाकडं गेला. ते उठले. एक शेटजी उठले, त्यांच्यामागं त्यांची बायको उठली. बाक रिकामे झाले. बाटली माझ्या हातात तशीच राहिली. कुणी घेतली नाही. मला वाटलं होतं, एखादा तरी घेईल.

डॉक्टर म्हणाले, "चालता हो."

मी पुढच्या दारानं बाहेर पडलो. त्या दारानं मी कधी गेलो नव्हतो. पायऱ्या किती उंच आहेत हेही मला ठाऊक नव्हतं. अडखळलो.

आता पुढं जे झालं ते मी ठरवून केलेलं नव्हतं. मला एवढी अक्कल नव्हती. पाटील आणि गुलमंडीचे शेटजी संध्याकाळी डाकबंगल्यावर गेले. साहेब तिथं उतरला होता. डॉक्टरवर आणि माझ्यावर कारवाई करा म्हणून त्यांनी अर्ज दिला. सगळ्यांनी सह्या केल्या. पहिली सही पाटलांची.

साहेबानं मला बोलावून घेतलं. बस म्हणाला नाही. अर्ज वाचून दाखवला. "सदर इसम आपल्या हाताने पाणी घालून औषधे बनवून पोलीस अ‍ॅक्शनपासून आजतागायत आम्हा सर्वांस पाजीत आला आहे." साहेबाला मराठी वाचायला जड जात होतं. तो अडखळत अडखळत वाचत होता. मी भिंतीजवळ उभा राहून ऐकत होतो.

वाचून झाल्यावर त्यानं कागद टेबलावर ठेवला. "इतने लोग लिख के दे रहे हैं कि दवा तू बनाता था. अब और क्या सबूत चाहिए?"

त्याला कागद पाहिजे होता. कागद मिळाला. माझी कीव आली म्हणून त्यानं काही केलं नाही आणि मीही पाया पडलो नाही. भाच्याचा दाखला रद्द झाला. दवाखान्यात औषध मी बनवत होतो असं सगळा बाजार ओरडून सांगत असताना तो दाखला टिकणार कसा? माझं नाव रजिस्टरात चढलं. ज्यांना माझ्या हातचं पाणी नको होतं, त्यांच्याच सह्यांनी चढलं. मला आनंद झाला का? नाही झाला. मला माणूस मानून एकानंही सही केली नव्हती. किळस आली म्हणून केली होती.

शहरात मला कुणी काम दिलं नाही. आयनं शेणी थापून विकल्या. मी पैठण रोडवर, चितेगावाकडं, खडी फोडायला गेलो. रजिस्टरात नाव असलेला कंपाउंडर खडी फोडत होता. हाताचा वास हळूहळू गेला. आय एकदा म्हणाली, "आता तुझा हात नुसता हातावाणी वास मारतो."

एके दिवशी डॉक्टर आले. वस्तीत आले नाहीत, रस्त्यावर थांबले आणि एका पोराकरवी मला बोलावलं. भाचा कंपाउंडरच्या परीक्षेला बसला होता, तो नापास झाला होता. रजिस्टरातला दुसरा माणूस त्यांना मिळत नव्हता. पाटील आणि शेटजी हळूहळू परत यायला लागले होते, कारण दमा काय थांबतो? पण मिक्श्चर बनवायला माणूस नव्हता आणि आता कायद्याची भीती होती.

"झालं गेलं विसर," ते म्हणाले. "पगार वाढवतो. या वेळेला चादर नको, चांगली लाकडी आडभिंत घालू. तुलाच बरं, कुणी डोकावणार नाही."

मी विचारलं, "पाणी मीच घालणार ना?"

ते म्हणाले, "तूच. पण आतून."

इतकी वर्षं त्यांच्याशी मी 'बरं' सोडून दुसरं बोललो नव्हतो. या खेपेला म्हणालो, "नाय." एकदाच म्हणालो.  ते छत्री उघडून गेले.

मी रस्त्यावरच उभा राहून ठरवलं. खडी फोडून पैसे साठवीन. दुकान टाकीन. शहागंजात जागा दिली तर शहागंजात, नाही दिली तर आमच्या वस्तीच्या तोंडाशी. टेबल दारात ठेवीन, रस्त्याकडं तोंड करून. रजिस्टरातल्या नावाचा कागद डोक्यावर टांगीन. घागर पुढं ठेवीन. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यातलं पाणी घालीन आणि बाटली माझ्या हातानं देईन, न पुसता. ज्याला प्यायचं त्यानं बघून प्यावं. ज्याला नाही प्यायचं त्यानं खोकत घरी जावं.