मुकद्दमाच्या पिस्तुलाचा कान

जिलाली पितळकाराला नाही म्हणता येत नसे. मेक्नेसच्या बाजारात चहाची तबकं, दाराचे ठोके, खोगिरांच्या कड्या, पितळेचं म्हणून जे काही असेल ते त्याच्या हातून जायचं. हात सोन्याचा आणि जीभ लोण्याची, असं त्याची बायको म्हणायची, आणि त्यातलं दुसरं ती काही कौतुकानं म्हणत नव्हती.

जत्रेच्या आधी मुकद्दम हमादी दुकानात आला. हा घोडेस्वारांच्या पथकाचा म्होरक्या. मागल्या साली घोड्यावरून पडून त्याचा उजवा खांदा निखळला होता, तो परत नीट बसलाच नाही. बारूद भरलेली लांब बंदूक भरधाव घोड्यावर उंच धरायची आणि पथकाबरोबर उडवायची, हे आता त्याच्यानं होत नव्हतं. पण म्हणून म्होरकेपण सोडेल तर तो हमादी कसला! त्यानं फडक्यातून डाव्या हातानं उडवता येईल असं एक पिस्तूल काढलं. जुन्या गारगोटीच्या पिस्तुलाची नवी नक्कल होती, तेतुआनहून आणलेली. अंगावर एक फूल नाही की पान नाही.

"हे काय, उघडंनागडंच घेऊन आलात?" जिलाली हसला.

"म्हणून तर तुझ्याकडे आणलंय, उस्ताद. कपडे घाल याला. मुठीला टोपी, चापाला कमान, नळीला कडी. असं चमकलं पाहिजे, की पलीकडच्या तंबूतल्या बायकांनी डोळ्यांवर हात धरला पाहिजे."

जिलालीनं नळीवर कानस फिरवली आणि त्याचा हात थांबला. पोलाद कानशीखाली किंचाळतं. हे मुकाट झिजत होतं, करड्या भुकटीसारखं. ओतीव, हलकं, भिंतीवर टांगायच्या लायकीचं काम.

"मुकद्दम, हे शोभेचं आहे. यात बारूद नका घालू. हातात फुटेल."

"तबकं तू ठोकतोस, जिलाली. बंदुका मी उडवतो." हमादीनं चहाचा पेला खाली ठेवला. "तुला जमत नसेल तर शेजारी जातो. आणि हो, मिमूनला यंदा माझ्या डाव्या हाताला घेतोय. पोरगं घोड्यावर छान बसतं."

जिलालीची लोण्याची जीभ तिथंच विरघळली. मिमून त्याचा एकुलता एक मुलगा. मुकद्दमाच्या डाव्या हाताची जागा मिळावी म्हणून तो चार सालं त्याच्या मागं मागं फिरत होता. आणि ती मिळाली ती नेमकी या पिस्तुलाच्या शेजारी.

घरी मिमून आनंदानं वेडा झाला होता. "बा, गुडघ्याला गुडघा लावून! कळतंय का तुला?"

"पिस्तुलापासून जरा लांब राहा."

"एका ओळीत लांब कसं राहायचं? तूच बस ना घोड्यावर, दाखव मला!"

त्या रात्री जिलालीला झोप लागली नाही, आणि सकाळी त्याला एक युक्ती सुचली. युक्ती सुचली म्हणजे घात झाला, हे त्याला तेव्हा कुठं ठाऊक होतं! त्यानं मुठीला टोपी बसवली, कमानीवर डाळिंबाची फुलं कोरली, नळीला तीन कड्या चढवल्या. काम इतकं देखणं झालं की त्याचं त्यालाच भरून आलं. मग नळीच्या कानात, म्हणजे जिथून ठिणगी आतल्या बारुदीपर्यंत जाते त्या भोकात, त्यानं पितळेची इवलीशी नळकांडी बसवली. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, किती हौसेनं कान मढवलाय. आतून मात्र ती बंद होती.

वर ठेवलेलं रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी चिमूटभर बारूद, भुर्रकन पेटेल, धूर निघेल, नळी मात्र गप्प राहील. पंधरा बंदुका एका क्षणी उडतात, सगळ्यांचा मिळून एकच आवाज यावा लागतो. त्यात एक कमी झाली तर कोणाला कळणार? हमादीची इज्जत राहील, पोराचा डोळा राहील. जिलालीला स्वतःच्या हुशारीचं हसू आलं.

जत्रेच्या दिवशी तो मैदानाभोवतीच्या दोराला टेकून उभा राहिला. पहिली दौड आली. पंधरा घोडे, एकच धडाका, बायकांच्या तोंडून आनंदाच्या किलकाऱ्या. धुरातून हमादी बाहेर आला तो राजासारखा.

"मुकद्दम, तुमचा आवाज सगळ्यांच्या वर होता!" स्वार ओरडले. अशी खुशामत करणारे सगळीकडे असतात. जिलालीनं दाढीत हसू लपवलं.

दुसरी दौडही तशीच झाली. तिसऱ्या दौडीआधी हमादी दोराजवळ येऊन पिस्तूल भरू लागला. आवाज बंदुकांच्या बरोबरीचा यावा म्हणून तो बारूद मूठ भरभरून घालत होता. वर कागदाचा बोळा कोंबून त्यानं काठीनं ठासलं, आणि काठी अर्ध्यावरच अडली.

जिलालीनं मोजलं. पहिली बारूद आतच होती. दुसरीही आतच होती. आता ही तिसरी. तो पितळेचा माणूस, पिस्तूल उडणार नाही एवढाच विचार त्यानं केला होता. न उडालेलं पिस्तूल पुन्हा पुन्हा भरलं जाईल, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"काजळीनं कान बुजलाय वाटतं," हमादी म्हणाला. स्वारांच्या पट्ट्याला साखळीनं सुई लटकवलेली असते. त्यानं ती कानात घातली, जाईना, तशी रिकिबीच्या काठावर टेकवून जोर दिला. पातळ पितळ ते! सुई टचकन आत गेली. "हां, आता मोकळा झाला."

जिलाली दोराखालून आत घुसला. "मुकद्दम, उडवू नका! मी कान बंद केला होता! आत तीन वेळची बारूद आहे!"

स्वारांतलं कोणीतरी फिसकन हसलं. हमादीचा चेहरा लाल झाला.

"दोनदा उडवलंय मी. या खांद्याला धक्का बसलाय माझ्या. या सगळ्यांनी आवाज ऐकलाय. ऐकलात की नाही रे?"

"ऐकला, मुकद्दम!"

आता ते नाही कसं म्हणणार?

"मिमून," जिलालीनं मुलाच्या घोड्याचा लगाम धरला, "तू तरी उतर. पाया पडतो तुझ्या."

मिमूननं आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडंच बघत होते. "बा, घरी जा," तो दातओठ खाऊन पुटपुटला. "माझी लाज काढू नकोस." त्यानं लगाम हिसकला आणि हमादीच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिला, गुडघ्याला गुडघा लावून.

घोडे सुटले. जिलाली त्यांच्यामागं धावत सुटला, धुळीत ठेचकाळत, ओरडत, आणि त्याचं ओरडणं टापांखाली बुडून गेलं. मैदानाच्या टोकाला पंधरा हात एकदम वर झाले.

धडाका झाला, आणि त्यातच एक वेगळा, कोरडा कडाका. या खेपेला तो सगळ्यांना खरोखरच ऐकू आला.

धूर विरला तेव्हा हमादी खोगिरावर ओणवा झाला होता आणि मनगट पोटाशी दाबून धरत होता. मिमूनचा घोडा चालत चालत परत आला. जिलालीनं पुढं होऊन त्याचा लगाम धरला. मुलानं दोन्ही हात चेहऱ्यावर गच्च दाबले होते आणि बोटांमधून रक्त ठिबकत होतं. मग त्यानं हात खाली घेतले, मान इकडून तिकडे फिरवली आणि लहान पोरासारखा ओरडला, "बा! बा, कुठं आहेस तू?"

जिलाली त्याच्या समोरच उभा होता.